हॉलमधला टीव्ही, मुलांचा कन्सोल आणि पलंगाखालचा कॅरम

सणासुदीच्या खरेदीच्या निमित्ताने टीव्ही, व्हिडिओ गेम आणि खेळणी यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, आणि मीही ठाणेकरच असल्यामुळे उत्तरे देताना इथली घरे, इथल्या भिंती आणि खाडीकाठची इथली दमट हवा डोळ्यांसमोर ठेवली आहे. मी तंत्रज्ञ नाही आणि दुकानदारही नाही. दोन मुलांचा बाप, वयस्कर आईचा मुलगा आणि घरातल्या रिमोटवर सर्वांत शेवटचा हक्क असलेला माणूस, एवढाच माझा अधिकार. खोक्यावर काय छापले आहे यापेक्षा ती वस्तू घरात कुठे राहणार, किती वेळ चालणार आणि तिच्यासमोर कोण बसणार, हे मी आधी विचारतो. पुढची उत्तरे त्याच अंगाने गेली आहेत.

प्रश्न : आमचे घर सिडकोच्या जुन्या वसाहतीत आहे. सोफा आणि टीव्हीची भिंत यांत जेमतेम ८ फुटांचे अंतर आहे. दुकानदार ६५ इंची टीव्हीचा आग्रह धरतो, सौभाग्यवतींच्या मते ४३ इंची पुरेसा आहे. त्यातच ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही नावे ऐकून डोके भणाणले आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या ८ फुटांना ५५ इंची टीव्ही योग्य आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरातला वाद निदान मधल्या आकड्यावर मिटेल. टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाचे माप. ५५ इंची पडद्याचा कर्ण १४० सेंटीमीटर, रुंदी सुमारे १२२ आणि उंची सुमारे ६९ सेंटीमीटर असते. कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसले, की चित्र डोळ्यांत भरते आणि मानही इकडेतिकडे वळवावी लागत नाही. ८ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर, तेव्हा हिशेब बरोबर जुळतो. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ सेंटीमीटर रुंद असतो, त्यामुळे तो तुमच्या भिंतीवर मावेलही, परंतु त्यावर तुम्ही काय पाहणार आहात, हे दुकानदाराने विचारलेले दिसत नाही.

दुकानात जे लावून ठेवलेले असते ते खास दाखवण्यासाठी चित्रित केलेले असते : पोपटाची पिसे, मधाची धार, बर्फाचे डोंगर. आपल्या घरात मात्र संध्याकाळी ७ ते १० मालिका चालतात आणि त्याही पुष्कळदा साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीवर. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. साधी वाहिनी जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे चित्र पाठवते. वाहिनीकडून आलेल्या एकेका ठिपक्यातून टीव्हीला पडद्यावरचे २० ठिपके भरावे लागतात आणि मधले रंग अंदाजाने ठरवावे लागतात. नायिकेच्या साडीचा जरीकाठ गढूळ का दिसतो आणि क्रिकेटच्या मैदानावरचे गवत हिरव्या रंगाच्या पट्ट्यासारखे का दिसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे, आणि पडदा जितका मोठा तितका हा दोष ठळक. म्हणून मोठ्या टीव्हीसाठी जे जास्तीचे पैसे मोजायची तयारी आहे, त्यातले थोडे घरात नेहमी पाहिल्या जाणाऱ्या चार वाहिन्या एचडीमध्ये करून घेण्यासाठी ठेवावेत, असे मी सुचवेन.

आता नावांविषयी. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडी पडदाच असतो, फक्त त्याच्या मागे एलईडीचे दिवे असतात. क्यूएलईडीमध्ये त्याच रचनेत क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांचा थर घालून रंग अधिक शुद्ध केलेले असतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि संख्येने खूप जास्त असतात, आणि पडद्याचा जो भाग काळा हवा तिथले दिवे मंद करता येतात. ओएलईडीची जात वेगळी : तिथे मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याला ओएलईडीसारखे सुख नाही. मात्र ज्या घरात दिवसभर वृत्तवाहिनी लावलेली असते आणि पडद्याच्या तळाशी तीच लाल पट्टी व कोपऱ्यात तेच बोधचिन्ह तासन्‌तास ठाण मांडून असते, तिथे कालांतराने त्या चिन्हाचा ठसा पडद्यावर उमटून राहण्याचा धोका ओएलईडीला आहे. शिवाय दुपारी बाल्कनीचे दार उघडे ठेवून सामना पाहायचा असेल, तर जास्त प्रखर उजेड देणारा मिनी एलईडी किंवा चांगला क्यूएलईडी बरा. पत्रावरून तुमचे घर मला या दुसऱ्या, दिवसाउजेडी टीव्ही पाहणाऱ्या प्रकारचे वाटते.

टीव्ही कुठे लावायचा याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत आणि सगळे बसवायला आलेल्या माणसावर सोपवतात. तो उभा राहून काम करतो, त्यामुळे टीव्ही त्याच्या नजरेच्या उंचीवर टांगला जातो आणि आपण पुढची कैक वर्षे माना वर करून पाहत बसतो. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर यावा, अशी पेन्सिलची खूण आदल्या दिवशीच भिंतीवर करून ठेवा. सिडकोच्या जुन्या इमारतींतल्या विटांच्या भिंती खिळा नीट धरतात. घोडबंदर रोड आणि खारघरकडच्या नव्या टॉवरांत मात्र दोन तऱ्हा आढळतात : मिव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत, जिला हॅमर ड्रिल लागते, किंवा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत, जिच्यात साधा प्लास्टिकचा गट्टू सैल पडतो आणि त्यासाठी वेगळे अँकर घ्यावे लागतात. ५५ इंची टीव्हीचे वजन १५ किलोच्या आसपास असते. भिंत कसली आहे ते आधी विचारलेले बरे.

टीव्ही घरी आला की सेटिंगमध्ये तो दुकानाच्या डेमो मोडवर नाही ना, एवढे पाहून तो घरगुती मोडवर करावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे स्थिर चित्रांचा असतो. टीव्ही त्यात आपल्या मनाच्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतो आणि मोठा सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. चित्रपटासाठी ती सोय बंद आणि क्रिकेटसाठी हवी तर चालू ठेवावी. किमतीचे म्हणाल, तर ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी ५०,००० रुपयांच्या टीव्हीला पूर्वी ६४,००० पडत असत, तिथे आता ५९,००० पडतात. दुकानदार जी ‘खास तुमच्यासाठी सूट’ सांगतो, तिच्यात ही कपात मोजलेली नाही ना, हे जुन्या बिलाशी ताडून पाहावे.

प्रश्न : नवा स्मार्ट टीव्ही घेतल्यापासून आईची पंचाईत झाली आहे. तिला फक्त सह्याद्री वाहिनी लागते, पण टीव्ही सुरू केला की पडद्यावर नुसत्या जाहिराती आणि चित्रपटांची चित्रे येतात. तिच्या एका वाहिनीसाठी दरमहा पैसे भरणेही जिवावर येते.
— एक वाचक, कळवा

उत्तर : पैशांचा प्रश्न सोपा आहे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा २००४ पासून सुरू आहे आणि तिला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाचा खर्च तेवढा येतो. सह्याद्री तिच्यावर मिळते. अडचण असते ती छत्रीच्या दिशेची. या सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे, म्हणजे ठाण्याहून पाहिल्यास तो आग्नेयेला येतो. तुमची खिडकी त्या बाजूला उघडत असेल आणि समोर दुसरा टॉवर आडवा येत नसेल, तर छत्री ग्रिलवरही बसते. नाहीतर गच्चीची परवानगी सोसायटीकडे मागावी लागेल, आणि आईचे नाव पुढे केले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

दुसऱ्या अडचणीसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरावे. बहुतेक टीव्हींत सुरू होताना कोणता पडदा यावा हे ठरवण्याची सोय असते. तिथे सेट-टॉप बॉक्स जोडलेला एचडीएमआय निवडला की जाहिरातींचा तो बाजार मधे येत नाही. रिमोटवर आईला लागणारी तीन बटणे लाल नेलपॉलिशने रंगवावीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हापासून ज्यांनी एका बटणावर टीव्ही पाहिला, त्यांनी आता प्रोफाइल निवडत बसावे, ही अपेक्षाच मला उद्धटपणाची वाटते. बातम्यांतले शब्द नीट कळत नाहीत अशी तिची तक्रार असेल, तर दोष तिच्या कानांचाच असेल असे नाही : आजचे टीव्ही इतके पातळ आहेत की त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे आवाज फेकतात. एक लहानसा साउंडबार एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटला जोडल्यास आवाज समोरून येतो आणि त्याच रिमोटवर चालतो.

प्रश्न : आमचा मुलगा १३ वर्षांचा आहे. दहावीनंतर बघू असे आम्ही म्हणतो, पण त्याला आताच प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल हवा आहे. त्याचे वडील म्हणतात की मोबाइलवर खेळतोच आहे, मग वेगळा खर्च कशाला? मला भीती वाटते ती व्यसनाची आणि ऑनलाइन पैसे जाण्याची.
— एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, या वादात मी मुलाच्या बाजूने थोडासा झुकलो आहे, हे आधीच सांगतो. कारण असे, की मोबाइलवरचा खेळ तो आपल्या खोलीत, मान खाली घालून, तुम्हाला न दिसता खेळतो. कन्सोल टीव्हीला जोडावा लागतो, आणि टीव्ही हॉलमध्ये असेल तर तो काय खेळतो, कोणाशी बोलतो, हे पोळ्या लाटतानाही तुम्हाला ऐकू येते. कन्सोल घ्यायचा तर तो हॉलमध्येच राहील, बेडरूममध्ये जाणार नाही, ही अट पहिली. ती मान्य नसेल तर वडिलांचे म्हणणे बरोबर.

खर्चाचा अंदाज मात्र नीट घ्यावा, कारण कन्सोलच्या ५०,००० रुपयांच्या आसपासच्या किमतीवर तो थांबत नाही. नवा मोठा गेम ५,००० रुपयांपर्यंत जातो, दुसरा कंट्रोलर, म्हणजे खेळताना हातात धरायचे बटणांचे यंत्र, ६,००० च्या घरात. म्हणून डिस्क घालता येणारा प्रकार घ्यावा. डिस्क मित्राला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते, जुन्या डिस्कांची देवाणघेवाण करणारी दुकाने असतात. नुसता डाउनलोड केलेला गेम एकदा घेतला की तो त्या खात्यालाच चिकटलेला राहतो. दुसरा कंट्रोलर ही चैन आहे असे समजू नका. एका पडद्यावर दोघांनी खेळायचे फुटबॉलचे, मोटारींचे, कोडी सोडवायचे गेम असतात, आणि धाकट्या बहिणीला किंवा बाबांना हाती कंट्रोलर मिळाला की घरातले भांडण निराळ्या, बऱ्या जातीचे होते. कन्सोल बंद कपाटात ठेवू नये. तो खेळताना सुमारे २०० वॅट वीज घेतो, तेवढीच उष्णता बाहेर टाकतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला मागून मोकळी हवा लागते. रोज २ तास खेळला तर महिन्याला १२ युनिट पडतील. त्याचा बाऊ नको.

आता तुमच्या भीतीविषयी. गेमच्या खोक्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा वयाचा आकडा छापलेला असतो. ‘वर्गातले सगळे खेळतात’ म्हणून १८ चा गेम १३ वर्षांच्या मुलाला देऊ नये, इथे मी मुळीच झुकत नाही. कन्सोल लावताना मुख्य खाते आई किंवा वडिलांच्या नावे आणि मुलाचे खाते त्याच्या खऱ्या जन्मतारखेने उघडावे. मग वयाची मर्यादा, रोजचा वेळ आणि महिन्याचा खर्च हे तिन्ही आपल्या मोबाइलवरून ठरवता येते. खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी आणि कार्डाचा क्रमांक खात्यात साठवू नये. पैसे जातात ते बहुतेक गेम विकत घेताना नव्हे, तर फुकट म्हणून घेतलेल्या गेममध्ये पात्रांचे कपडे, शस्त्रे किंवा आत काय निघेल हे न सांगणाऱ्या पेट्या घेताना. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट वेगळी : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने असे खेळ चालवण्यावर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांना पैशांचे व्यवहार पुरवण्यावर बंदी घातली आहे, आणि ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम) व साधे करमणुकीचे खेळ वेगळे काढले आहेत. तुमच्या मुलाचा फुटबॉलचा गेम या दुसऱ्या गटातला. रमीच्या जाहिराती पाहून घरात कोणी घाबरले असेल, तर त्यांना एवढे समजावून सांगावे.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेक घरांत रोजच्या तंट्याचे कारण होते. तुम्ही स्वयंपाकघरातून ‘पान वाढलंय, ये’ म्हणता आणि तो ‘पाच मिनिटं’ म्हणतो, तेव्हा तो प्रत्येक वेळी थापच मारत असतो असे नाही. एकट्याने खेळायचा गेम कुठेही थांबवता येतो, परंतु ऑनलाइन सामना थांबवता येत नाही. पळून गेले तर संघातले बाकीचे अडचणीत येतात आणि काही गेममध्ये मधेच सोडल्याबद्दल दंडही होतो. शंभर जणांचे जे लढाईचे गेम असतात, त्यांचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. फुटबॉलच्या गेममध्ये अर्ध्या डावाची मिनिटे आपणच ठरवू शकतो. म्हणून घड्याळाच्या मिनिटांपेक्षा डावांची संख्या ठरवावी : जेवणाआधी दोन डाव, आणि साडेआठनंतर नवा डाव सुरू करायचा नाही. हा नियम त्याला पटतो, कारण तो त्याच्या खेळाच्या भाषेत सांगितलेला असतो, आणि मोडला तर त्याला पळवाटही उरत नाही. दहावीच्या वर्षाचे तेव्हा बघता येईल. कंट्रोलर कपाटात ठेवून कुलूप लावले की कन्सोल नुसते खोके आहे.

प्रश्न : पुतण्याचा दुसरा वाढदिवस आहे. स्टेशनबाहेर दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी १५०–२०० रुपयांत मिळतात, मॉलमध्ये तसेच दिसणारे खेळणे ९०० रुपयांना. फरक नक्की कशाचा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : काही वेळा फरक नुसत्या वातानुकूलनाचा असतो, पण बऱ्याचदा तो आयएसआय चिन्हाचा असतो, आणि त्यासाठी पैसे मोजावेत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. चिन्हाबरोबर सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना खरा आहे की नाही ते कळते. नुसते चिन्ह छापलेले आणि क्रमांक गायब, असे खोके परत ठेवून द्यावे. मानकात रंगांमधल्या शिसे वगैरे विषारी धातूंची मर्यादा, टोकदार कडा, ओढल्यावर तुटून हाती येणारे भाग, हे सगळे तपासलेले असते. २ वर्षांचे मूल खेळण्याशी खेळण्याआधी ते चघळून पाहते, हे लक्षात घेतले म्हणजे या तपासणीचा अर्थ कळतो.

दिवे लागणाऱ्या खेळण्यांबाबत मी अधिक कडक आहे. त्यांत पुष्कळदा नाण्यासारखा चपटा बटण सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या ओलाव्यात त्यातून वीज वाहू लागते आणि २ तासांतच आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. वाट न पाहता, उलटी करवण्याच्या फंदात न पडता, सरळ रुग्णालय गाठावे लागते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, नखाने उघडत असेल, तर ते खेळणे लहान मुलाच्या घरात नको. तेच लहान पण जोरकस चुंबकांचे : दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांत एकमेकांना ओढून धरतात. तीन वर्षांखालील मुलासाठी साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावेल असा कोणताही सुटा भाग खेळण्यात नसावा, असे मानक सांगते. दुकानात नळकांडे नेता येत नाही, पण सव्वा इंच नजरेने जोखता येतो.

मग घ्यावे काय? २ वर्षांच्या मुलाला दोरीने ओढत न्यायचे लाकडी हत्ती-घोडे, एकात एक बसणारे डबे, मोठे ठोकळे आणि चेंडू पुरतात. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे किंवा चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली खेळणी कोणी आणून देणार असेल तर उत्तमच. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंना आयएसआय चिन्हाच्या अटीतून सूट आहे, त्यामुळे त्यांवर चिन्ह दिसले नाही म्हणून दचकू नका. रंग ओल्या रुमालाने पुसून पाहा आणि ढलपे नाहीत ना ते बोटाने चाचपा. मोबाइलसारखा दिसणारा, बटण दाबल्यावर किंचाळणारा डबा तेवढा नको. तुमच्या वहिनी तुम्हाला वर्षभर नावे ठेवतील.

प्रश्न : लेगोचे संच इतके महाग का असतात? तसेच दिसणारे दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे पाव किमतीत मिळतात.
— एक वाचक, वाशी

उत्तर : ठोकळ्यांच्या खेळात सगळी मदार ठोकळे किती घट्ट बसतात आणि किती सहज सुटतात यावर असते. डेन्मार्कच्या या कंपनीने आताच्या रचनेच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो; एवढ्या काटेकोर मापाचे पैसे आपण देतो. बरेचसे पैसे खोक्यावरच्या चित्रपटातल्या पात्रांच्या हक्कांपोटीही जातात, आणि तिथे माझा हात आखडतो. अंतराळयान एकदा जोडून झाले की ते शोकेसमध्ये धूळ खाते. त्यापेक्षा मिश्र ठोकळ्यांचा साधा डबा घ्यावा. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे अवघे ६ ठोकळे ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. स्वस्त ठोकळे घेण्यात पाप नाही. दुकानात दोन जोडून ते मुलाच्या बोटांनी सुटतात का ते पाहा आणि आयएसआयचा क्रमांक तपासा.

प्रश्न : मुली ८ आणि ११ वर्षांच्या आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्या मोबाइलला चिकटून बसतात. घरात चौघांनी मिळून खेळता येईल असे काही सुचवाल का? घर लहान आहे.
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : कॅरम. घर लहान असले तरी पूर्ण मापाचा, म्हणजे आतला चौरस ७४ सेंटीमीटरचा बोर्ड घ्या. छोट्या बोर्डावर स्ट्रायकरला धावायला जागा उरत नाही आणि मुलींचा रस चार दिवसांत संपतो. पावसाळ्यात बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर प्लाय दमटपणाने वाकतो आणि मग सोंगट्या आपोआप मधोमध गोळा होऊ लागतात, म्हणून तो पलंगाखाली आडवा सरकवावा. पावडर म्हणून बोरिक वापरत असाल तर घरी रांगते बाळ आले असताना ती आधी पुसून घ्यावी, कारण पोटात गेल्यास ती विषारी असते.

व्यापार हा आपल्या सर्वांच्या लहानपणीचा खेळ, परंतु त्यात एक जण तासाभरात कंगाल होतो आणि बाकीच्यांचा डाव संपेपर्यंत हात चोळत बसतो. तो कंगाल बहुतेक वेळा धाकटी मुलगी असते आणि मग तिला मोबाइल द्यावा लागतो. गेल्या तीस वर्षांत युरोपात जे नवे पटावरचे खेळ निघाले त्यांनी नेमकी हीच खोड काढली. जर्मनीत १९९५ साली आलेल्या कॅटन या खेळात वीट, लाकूड, धान्य यांची आपसांत देवाणघेवाण करून वस्त्या उभारायच्या असतात; कोणीही शेवटपर्यंत बाद होत नाही, आणि दुसऱ्याच्या पाळीतही आपल्याला सौदा करता येत असल्यामुळे कंटाळा येत नाही. खोके महाग आहे आणि नियम इंग्रजीत आहेत, तेव्हा पहिल्या रविवारी तुम्ही दोघांनी मुली झोपल्यावर एक डाव खेळून घ्यावा. मोठीला तो लगेच जमेल. धाकटीला पहिले काही डाव आईच्या भिडूत घ्या.

प्रश्न : माळ्यावर मोठ्या पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही पडून आहे. भंगारवाला शंभर रुपये देतो. देऊन टाकू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. त्या ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि भंगारात ती फोडली की ते जमिनीत आणि गटारात जाते. ई-कचऱ्याविषयीचे जे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांनुसार विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवा टीव्ही घेताना जुना परत घेण्याची सोय आहे का ते दुकानात विचारावे, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला बोलावून तो द्यावा आणि पावती घ्यावी. मागचे झाकण मात्र कुतूहल म्हणूनही उघडू नका. ट्यूबमध्ये प्लग काढल्यानंतरही विजेचा दाब बराच काळ टिकून असू शकतो. माळ्यावरून उतरवताना दोन माणसे लागतील, कारण सगळे वजन काचेच्या बाजूला असते.